चैन, गरज आणि लोहचुंबक

खर्च समोर आला की तो 'चैन' की 'गरज' हे आधी ठरवायचं आणि मग चैनीत टाकून मोकळं व्हायचं, हा माझा जुना शिरस्ता. बी.कॉम. होऊन वीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजलेल्या माणसाला स्वतःचे सोडवत नाहीत, त्याला इलाज नाही.

परवा आमची ही म्हणाली, "आईंच्या फोनला ते चुंबकाचं चार्जर आणू या. नुसता टेकवला की चिकटतो."

आईचा फोन म्हणजे भाच्याने दिलेला जुना आयफोन १२. चार्जिंगला लावायला ती विसरते, म्हणून दोन दिवसांआड तो बंद. त्यावरून मी तिला चारदा बोललोही होतो.

मी अभ्यासाला बसलो. मूळ तत्त्व फॅरेडेने १८३१ सालीच शोधलेलं : एका वेटोळ्यातली वीज बदलती राहिली, की शेजारच्या वेटोळ्यात वीज उपजते. मात्र वेटोळी अगदी समोरासमोर हवीत. साध्या तबकडीवरचा फोन रात्री जरा सरकला, की सकाळी उपाशी. म्हणून ॲपलने २०२० साली आयफोन १२मध्ये चुंबकांचं कडं बसवलं. २०२३ साली 'ची-टू' या नावाने तशीच सोय इतर कंपन्यांसाठीही जाहीर झाली.

आता नावेची बाजू. बिनतारी म्हणवणाऱ्या या वस्तूला तार असतेच; फोनऐवजी तबकडीला, इतकंच. पंधरा वॅट हवे असतील तर वीस वॅटचा अडॅप्टर वेगळा घ्या. स्वस्तातली तबकडी या फोनला साडेसात वॅटच देणार. शिवाय थोडी वीज नुसती उष्णतेत जाणार. आणि काळ्या पट्टीचं कार्ड मध्ये ठेवू नका म्हणे! माझ्यातला बँकवाला शहारला.

"दोन सेकंदांची मेहनत वाचवायला एवढा खर्च?" मी निकाल दिला. "पिन उलटीसुलटी कशीही जाते. पोरसुद्धा लावेल. आळसाला व्याज द्यायला मी बसलेलो नाही."

त्याच रात्री पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात दिवा होता. आई एका हातात फोन, दुसऱ्या हातात पिन धरून उभी. हात थरथरत होता. पिन कधी भोकाच्या डावीकडे, कधी उजवीकडे. एके काळी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी ही बाई! तिसऱ्या खेपेला तिने फोन ओट्यावर ठेवला आणि स्वतःशीच म्हणाली, "राहू दे."

तेवढ्यात मी दिसलो. लगेच हसून म्हणाली, "विसरलेच बघ लावायला."

'जमत नाही' म्हणण्यापेक्षा 'विसरले' म्हणणं तिला बरं वाटत होतं. आणि मी तेच खरं धरून तिला विसरभोळी ठरवत होतो!

मला वाटतं, चैन आणि गरज यांच्यातली रेघ वस्तूवर नसतेच. ती आपण ओढतो, आणि तीही आपल्या धडधाकट हाताने. दुसऱ्याच्या हाताचा हिशेब त्यात धरायचा राहून जातो.

दुसऱ्या दिवशी तबकडी आणली, अडॅप्टरसकट. आईने फोन जवळ नेला. 'टक्' करून बसला. तिने तो उगाचच चारदा काढला नि लावला. मग तिचा ठरलेला प्रश्न : "केवढ्याला पडलं रे?"

मी निम्मा आकडा सांगितला. वीस वर्षांच्या नोकरीत केलेली ही माझी पहिली खोटी नोंद. आमच्या हिला खरा आकडा ठाऊक होता. पण ऑडिटरने आक्षेप घेतला नाही.