अबूच्या वानरी

हनुमानाचे वंशज म्हणून ज्यांच्यापुढे आपण केळी आणि फुटाणे ठेवतो, ती काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं कधीकधी आपल्याच जातीची तान्ही पिलं मारतात. भारतीय वाचकाला हे पचायला जड जातं. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांनाही ते जड गेलं, आणि त्यांना तर हनुमानाची भीड पडण्याचं काही कारण नव्हतं.

त्यांची अडचण वेगळी होती. 1950 च्या दशकाअखेरीस फिलिस जे या संशोधिकेने उत्तर आणि मध्य भारतात वानरांच्या टोळ्या महिनोन्‌महिने पाहिल्या होत्या. तिला दिसली ती पाला ओरबाडून खाणारी, एकमेकांचे केस विंचरणारी शांत मंडळी. मग 1962 च्या सुमारास धारवाडच्या रानात जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी भलतंच काही पाहिलं. बाहेरून आलेल्या नरांनी टोळीच्या म्होरक्याला हुसकावलं, आणि त्यानंतर टोळीतली अंगावर पिणारी पिलं एकामागून एक मेली. एका टोळीतून सुगियामांनी म्होरक्याला मुद्दाम बाजूला काढून पाहिलं. शेजारचा नर आत शिरला आणि पुन्हा तेच घडलं. पुढे जोधपूरहून एस. एम. मोहनोत यांनीही अशीच निरीक्षणं प्रसिद्ध केली. ही माकडं गर्दीने वेडी झाली असावीत, असं तेव्हा बहुतेकांनी मानलं. माणसांनी जंगल तोडलं, खाऊ घालून संख्या वाढवली, त्यामुळे वागणं बिघडलं. लोकसंख्येचा बॉम्ब फुटणार अशी हाकाटी सगळीकडे चालू असतानाचा तो काळ. त्यात हे स्पष्टीकरण सोयीचं होतं.

हार्वर्डची विद्यार्थिनी सारा ब्लॅफर हर्डी 1971 साली माउंट अबूला आल्या त्या हेच तपासायला. गर्दी वाढली की हत्या वाढतात, असं दाखवता आलं असतं तर प्रबंध झाला असता. पण अबूला तसं दिसेना. गर्दीचा आणि हत्येचा मेळ बसत नव्हता. मेळ बसत होता तो नव्या नराच्या आगमनाशी. पिलं मारणारा नर बहुधा बाहेरून आलेला असे आणि मारलेली पिलं आधीच्या म्होरक्याची असत. पिलू अंगावर पीत असेपर्यंत मादी पुन्हा माजावर येत नाही. नराची सत्ता मात्र सरासरी दोन-सव्वादोन वर्षांची. दुसऱ्याचं पोर दूध पिऊन मोठं होईपर्यंत थांबावं तर याचीच पाळी संपायची. पिलू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती जन्मते. म्हणजे वेड नव्हे, हिशेब. अर्थात हा हिशेब नराच्या डोक्यात चालत नाही. तसं वागणाऱ्यांची प्रजा अधिक उरली, म्हणून ते वागणं उरलं.

यावरून विद्यापीठांत वर्षानुवर्षं भांडणं झाली. फिलिस जे (पुढे फिलिस डॉल्हिनाउ) यांच्या गटाने ही विकृतीच असल्याचं लावून धरलं. 1999 साली नेपाळच्या तराईतल्या रामनगर इथल्या वानरांच्या डीएनए चाचण्या प्रसिद्ध झाल्या. पिलांवर हल्ला करणारा एकही नर त्या पिलाचा बाप निघाला नाही. उत्क्रांतीच्या चष्म्यातून वागणुकीकडे पाहणाऱ्यांचा हा मोठा विजय, आणि मला तो योग्य वाटतो. दोन तर्क समोरासमोर होते, दोघांची भाकितं वेगळी होती, आणि पुरावा एका बाजूने पडला.

गडबड होते ती यापुढे. पुरुष मुळात असाच, हे सांगायला लोकांना वानराचा आधार फार आवडतो. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन या कॅनडातल्या संशोधक जोडप्याने 1988 साली मनुष्यवधावरचं पुस्तक लिहिलं. लहान मुलाच्या जिवाला सख्ख्यापेक्षा सावत्र पालकाकडून असलेला धोका कित्येक पटींनी जास्त असल्याचं त्यांनी त्यात दाखवलं. लोककथांनी सावत्र आईला बदनाम केलं आहे. हे आकडे मात्र प्रामुख्याने सावत्र बापांचे होते. झालं, अबूचा नर आणि माणसाचा सावत्र बाप एकाच रांगेत बसवले गेले. खुद्द डेली आणि विल्सन यांना ते मान्य नव्हतं. माणसात पोर मारून पुरुषाला काही साधत नाही, तुरुंग तेवढा मिळतो. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की दुसऱ्याच्या मुलावर माया आपोआप बसत नाही, म्हणून सहनशक्ती लवकर तुटते. आणि बहुसंख्य सावत्र बाप मुलं नीट वाढवतात, हेही त्याच आकड्यांत लिहिलेलं असतं. ते कुणी मथळ्यात घेत नाही.

मला यापेक्षा मोठी चूक वेगळी वाटते. अबूच्या टेकडीवर फक्त नरच नव्हते.

हर्डींच्या 1977 सालच्या पुस्तकाच्या नावातच नर आणि मादी दोघांच्या डावपेचांचा उल्लेख आहे. माद्या गप्प बसून मार खात नव्हत्या. त्या एकापेक्षा अधिक नरांशी संग करत, गाभण असतानाही करत. बाप कोण याचा गोंधळ झाला की कुणीच पोर मारायला धजावत नाही, असा हर्डींचा तर्क. डार्विनपासून मादीला लाजाळू आणि निवडक ठरवून ठेवलं होतं. त्या चित्राला अबूच्या वानरींनी तडा दिला. आणि त्यांच्यात सोल होती. हे नाव हर्डींनीच ठेवलेलं. म्हातारी, पिलं होण्याचं वय उलटलेली, एरवी टोळीच्या कडेकडेने राहणारी, बाकीच्या माद्या जिला खिजगणतीत धरत नसत अशी ही वानरी. पण मारेकरी नर पिलावर झेपावला की त्याच्या अंगावर चालून जाणाऱ्यांत ती पुढे असे. तिच्यापेक्षा कितीतरी दांडगा, सुळेवाला नर.

आणखी एक गोष्ट रोज दिसत होती. वानराचं पिलू जन्मतं तेव्हा त्याची लव गडद असते, आईच्या करड्या अंगावर ते उठून दिसतं. जन्माच्या पहिल्याच दिवसांत टोळीतल्या इतर माद्या ते मागून घेतात, हिच्याकडून तिच्याकडे फिरवतात. आई तेवढ्या वेळात चरून घेते. हत्या क्वचितच दिसे. हे दिवसातून कितीदा तरी. शास्त्राच्या इतिहासात हत्येवर जेवढे कागद खर्च झाले तेवढे यावर झाले नाहीत.

हर्डींनी स्वतः मात्र पुढची चाळीस वर्षं याच धाग्यावर घालवली. त्यांनी एक साधा हिशेब मांडला. माणसाचं मूल स्वतःचं पोट भरू लागेपर्यंत सुमारे 1 कोटी 30 लाख कॅलरी खातं. चिंपांझीच्या दोन बाळंतपणांत पाच-सहा वर्षांचं अंतर असतं. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांत ते तीन-चार वर्षांचंच. म्हणजे आधीचं पोर अजून हातातोंडाशी आलेलं नाही तोच दुसरं. एकटी आई हे पेलूच शकत नाही. मग पेलतं कोण? टांझानियातल्या हाडझा लोकांमध्ये ख्रिस्टन हॉक्स आणि त्यांचे सहकारी यांना उत्तर सापडलं. साठीच्या पुढच्या बायका कडक जमिनीतून कंद खणत होत्या आणि तरुणींपेक्षा जास्त वेळ राबत होत्या. आईच्या कुशीत नवं बाळ आलं की आधीच्या मुलाचं वजन आजीच्या खणण्यावर ठरू लागे. पाळी गेल्यावर बाई इतकी वर्षं का जगते, हे जीवशास्त्राला पडलेलं कोडं आहे. त्याचं एक उत्तर इथे आहे.

आजी म्हणजे कुठली, हेही बघायला हवं. गांबियातल्या काही गावांच्या 1950 पासूनच्या नोंदी रिबेका सियर आणि रूथ मेस यांनी चाळल्या. आईची आई हयात असेल तर दुधावरून सुटणाऱ्या मुलाच्या जगण्याची शक्यता वाढत होती. बाप असण्या-नसण्याने फारसा फरक पडत नव्हता. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या जुन्या चर्चनोंदींत तर बापाची आई घरात असणं नवजात बाळाला अपायकारक ठरलेलं दिसतं. सासुरवाशिणीच्या ओव्या ऐकत वाढलेल्या माणसाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा आपला रिवाज कुणी हिशेब करून घातला नसेल. पण अवघडलेल्या बाईला सासूच्या घरून उचलून आईच्या घरी नेऊन ठेवण्यात शहाणपण आहे, एवढं या नोंदी वाचून नक्की म्हणता येतं.

हर्डींचं सर्वांत अप्रिय विधान आईबद्दलचं आहे. 1999 सालच्या पुस्तकात त्यांनी म्हटलं की माणसाच्या आईची माया बिनशर्त नसते. भोवती हात देणारं कुणी आहे की नाही, यावर ती तोललेली असते. युरोपातल्या अनाथालयांच्या दारात सोडलेल्या हजारो अर्भकांचा इतिहास त्यांनी यासाठी धुंडाळला. मला ते वाचताना पुणं आठवतं. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांना माहेर नाही, सासर नाही, नवरा नाही. मूल जन्मलं की नाक दाबायचं किंवा विहीर. समाज त्यांना राक्षसीण म्हणत होता. फुले दांपत्याने स्वभावाचं कोडं सोडवण्यात वेळ घालवला नाही. गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या नाहीतर ठेवून जा, अशी सोय केली आणि तशा जाहिराती लावल्या. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. आईचा स्वभाव बदलावा लागला नव्हता, तिच्या बाजूला कुणीतरी उभं राहिलं होतं.

म्हणून स्वभावाची मुळं हा शब्दप्रयोग मला थोडा फसवा वाटतो. मूळ म्हटलं की एकच सरळसोट खाली गेलेली गोष्ट डोळ्यांपुढे येते. उत्क्रांतीने दिलेल्या प्रवृत्ती बव्हंशी अटींवर चालतात: असं असेल तर असं, तसं असेल तर तसं. हत्या करणारा नर आणि पिलू मागून घेणारी मावशी एकाच टोळीत, एकाच दुपारी.

पिलू वाटून सांभाळण्यावर हर्डींचा आणखी एक तर्क उभा आहे. चिंपांझीची आई पहिले काही महिने पिलू कुणाच्या हाती देत नाही. त्यामुळे पिलाला आईशिवाय कुणाचं मन ओळखण्याची गरजच नसते. माणसाच्या बाळाला मात्र मावशी, आजी, थोरली बहीण यांच्यापैकी कोण खायला घालेल, कोण खाली टाकेल, हे तोंडं पाहून ताडावं लागे. ज्यांना ते जमलं ती जगली. दुसऱ्याच्या मनात डोकावण्याची आपली खोड, लहान मुलाचं ओळख नसलेल्याकडेही पाहून हसणं, इथून आलं असावं असं हर्डी म्हणतात. यावर शंका घेता येते. पिलं तर वानरीही वाटून घेतात, मग त्या आपल्यासारख्या का झाल्या नाहीत? हर्डींचं उत्तर असं की त्या पिलू सांभाळतात, पण त्याला भरवत नाहीत. शिवाय माणसाच्या पूर्वजांच्या हाताशी चिंपांझीसारखा मेंदू आधीपासून असणं वेगळं. मला हे उत्तर पटण्याजोगं वाटतं, सिद्ध झालेलं नाही.

2024 साली हर्डींनी आणखी एक पुस्तक काढलं, यावेळी पुरुष आणि बाळांवर. निमित्त घरचं होतं, जावई नातवाला सांभाळताना पाहिलेला. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांनी केलेल्या मेंदूच्या तपासण्या त्यात महत्त्वाच्या आहेत. बाळाची मुख्य जबाबदारी ज्या बापांनी घेतली, अगदी ज्या घरात आई नाहीच अशा घरातल्या बापांनीही, त्यांच्या मेंदूतलं भावना आणि दक्षतेचं जाळं आईच्या मेंदूइतकंच जागं झालेलं होतं. बाळंतपण झालेलं नाही, दूध नाही; केवळ रोज सांभाळल्याने. आपल्याकडे नोकरदार आईला 2017 पासून 26 आठवड्यांची रजा आहे, केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला 15 दिवसांची. नातवंडासाठी गावाहून मुंबईला येऊन राहणाऱ्या आजीचा उल्लेख या नियमांत कुठेच नाही.