खांद्यांवरचे पक्षी

संग्रहालयातला लाकडी पक्षी काचेमागे बसतो. कुंभकोणमच्या देवळांतले पक्षी मात्र उत्सवात रस्त्यावर येतात.

विष्णूचा गरुड, मुरुगनचा, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचा मोर, शिवाय हंस. लाकडात कोरलेली, रंगवलेली किंवा पत्र्याने मढवलेली ही वाहने देवाला पाठीवर घेतात आणि स्वतः भक्तांच्या खांद्यांवरून फिरतात. चोचीचा बाक, पिसांच्या रेषा जवळून पाहाव्यात. कारागिराची खरी श्रद्धा तिथे दिसते. शेजारचे स्वामीमलै मुरुगनच्या 6 प्रमुख क्षेत्रांपैकी एक. या मुलखावर 1799पर्यंत तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते. मराठी माणसाने हे पक्षी आवर्जून पाहावेत.

जवळच्या नाच्चियारकोविलचा गरुड मात्र दगडी. परंपरा सांगते, गाभाऱ्यापाशी त्याला 4 जण उचलतात. मग 8, 16, 32 आणि बाहेर पडेपर्यंत 64.