शरणपुराचा रस्ता

द्राक्षे पाकास आली, व्यापारी बांधावर येऊन भाव ठरवून गेला, आणि त्याच रात्री गारा पडल्या. असा प्रसंग ओझरच्या आसमंतातील मळेकऱ्यांस नवा नाही. मळा स्वतःचा असो वा दुसऱ्याच्या मळ्यात रोजंदारी असो, चूल दोन्ही घरची थंडावते. अशा सकाळी शेजारी विचारतो, "तुम्ही देवाला आश्रयदुर्ग म्हणता, मग काल रात्री तो दुर्ग कोठे होता?" हे थट्टेने विचारले असता उत्तर सुचते. परंतु मंडळीतील एखादी बहीण डोळ्यांत पाणी आणून हेच विचारते, तेव्हा उपदेशकाची जीभ अडखळते. ती अडखळावी हेच बरे, असे आम्हांस वाटते.

आमच्या मंडळ्यांत याची दोन उत्तरे वारंवार ऐकू येतात. एक असे की, विश्वास पुरता असता तर गारा पडल्याच नसत्या. ईयोबाच्या मित्रांनी त्यास असलेच सांत्वन दिले, आणि देवाने त्यांस दोष लाविला, एवढे म्हणणे पुरे. दुसरे उत्तर गोड आहे, म्हणून अधिक घातक आहे. आपण प्रभूच्या चरणी पडून राहावे, तो पाहील, असे ते म्हणते. असे म्हणणारा बंधू पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे गेलेला नसतो, सावकारास तोंड दाखवीत नाही, आणि घरच्या माणसांशी बोलतही नाही. तो देवाचा आश्रय घेत आहे की देवाच्या आड लपत आहे?

या प्रश्नाचा विचार करिता आम्हांस ओझरहून आग्रा रस्त्याने नाशकास गेल्यावर लागणारे शरणपूर आठवते. नकळत मनुष्यवध घडलेल्याने जीव वाचविण्यासाठी पळून जावे म्हणून इस्राएलात सहा शरणपुरे नेमिली होती, आणि तेथवरचा रस्ता तयार ठेवावा अशी आज्ञा होती. नाशिकच्या शरणपुराची ख्रिस्ती वसाहत चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. प्राइस यांनी 1854 साली स्थापिली. पुढे इंग्रजी आरमाराने समुद्रावर अरबांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे आणून ठेविली गेली. त्या लेकरांचे आईबाप, गाव, भाषा, सर्व काही गेले होते. देवाने त्यांस बेड्या पडण्यापूर्वीच का सोडविले नाही, याचे उत्तर आम्हांजवळ नाही, आणि असल्याचा आव आम्ही आणणार नाही. पण आश्रय मिळाल्यावर त्यांचे काय झाले, ते पाहण्याजोगे आहे.

तेथे ती वाचावयास शिकली, हातास हत्यार घेऊन धंदा शिकली. 1865 साली डॉ. लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या अखेरच्या प्रवासाकरिता त्यांतून नऊ तरुण निवडिले. सर्वच टिकले असे नाही. काही वाटेत मागे राहिले. (आश्रय घेतलेला प्रत्येक जण शूर होतो असे आम्ही म्हणत नाही.) 1872 साली आणखी काही जण गेले, त्यांत जेकब वेनराइट होता. 1 मे 1873 रोजी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. प्रेत तेथेच पुरून सोबत्यांस आपापल्या वाटेने जाता आले असते. कोणी जाब विचारणारा नव्हता. त्यांनी साहेबांचे हृदय झाडाखाली पुरिले, जेकबाने प्रेतसंस्काराची उपासना वाचिली व झाडाच्या खोडावर नाव कोरिले. मग वाळविलेला देह घेऊन सुमारे हजार मैल चालत, रोग व उपासमार सोशीत, ते 1874 च्या फेब्रुवारीत बागामोयोच्या किनाऱ्यास पोहोचले. त्याच मुलखातून गुलामांचे तांडे समुद्राकडे हाकीत नेले जात असत. लहानपणी बेड्यांत ज्या प्रदेशातून आले, त्यातच जेकब व त्याचे नाशिकचे सोबती आपल्या पायांनी परत चालले.

पुढे 1875 साली मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसले. नव्याने सुटलेल्या गुलामांसाठी ते शरणपूरच होते. ते वसविणारे प्राइस साहेबच, आणि त्यांस हातभार लाविणाऱ्यांत नाशिकहून गेलेली ही माणसे होती. तारवातून उचलून आणिलेली लेकरे आता दुसऱ्यांस दार उघडीत होती.

दावीदही अदुल्लामाच्या गुहेत लपला होता, आणि संकटात पडलेले, कर्जबाजारी व मनाने कडवट झालेले सुमारे चारशे लोक त्याजकडे जमले. आपल्यातील पुष्कळांस त्या यादीत आपले नाव सापडेल. परंतु तेथेच राहू नको, असा देवाचा संदेश त्यास आला. आणि लवकरच कईलाची खळी लुटली जात आहेत हे कळताच, स्वतः जीव मुठीत धरून असतानाही, तो देवास विचारून तिकडे गेला. खळ्यावरचे धान्य म्हणजे काय, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

म्हणून त्या बहिणीस आम्ही असे म्हणू, की बाई, तो दुर्ग गारांच्या वर छपरासारखा नव्हता. वाघाडच्या कालव्याची पाळी मध्यरात्री येते, तेव्हा दारे धरून उभ्या असलेल्या माणसाजवळ कंदील असतो. त्याने रात्र सरत नाही, पण पुढचे पाऊल कोठे टाकावे ते दिसते. इतकेच देवाविषयी आम्हांस खात्रीने ठाऊक आहे. आणि उपदेशकास म्हणू, की तिच्या घरी जाल तेव्हा वचन थोडे वाचा, प्रार्थना आखूड करा, आणि मग मळ्यात जाऊन मांडवाच्या लोंबणाऱ्या तारा उचलण्यास हात लावा. बांधापलीकडचा तो शेजारी, ज्याने प्रश्न विचारला होता, त्याच्याही तारा तुटल्याच असतील.