चौथा पाय

माणसानं आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हातानं टेबल करावं, असं माझं परवापरवापर्यंत ठाम मत होतं. खुर्ची करू नये. खुर्चीवर माणसं बसतात, म्हणजे प्रश्न जीविताचा होतो. कपाटही करू नये, कारण घरी केलेल्या कपाटाचं दार एकतर लागत नाही, आणि लागलंच तर पुन्हा उघडत नाही. टेबलाचं तसं नाही. वर एक फळी, खाली चार पाय. गाईच्या वासरालासुद्धा चारच पाय असतात आणि ते जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभं राहतं. माझं टेबल उभं राहायला सव्वादोन महिने लागले. पण वासराला पॉलिश करावं लागत नाही, हेही लक्षात घेतलं पाहिजे.

ही गोष्ट १९८६ सालची. डोंबिवलीत आम्ही नुकतेच वन रूम किचनमध्ये राहायला आलो होतो. बाहेरची खोली दहा बाय बारा. तीत एक दिवाण, एक लोखंडी कपाट, हिचं शिवणाचं मशीन, मुलाचा पाळणा आणि आम्ही. मी पेपर पूर्ण उघडला की हिनं स्वयंपाकघरात जायचं, असा अलिखित करार होता. अशा घरात टेबल हवं कशाला, असं हिनं विचारलं. मुलगा अभ्यास कुठं करणार, असं विचारून मी तो वाद जिंकला. मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता.

सुतारानं सहाशे रुपये सांगितले. घराचे हप्ते चालू असलेल्या माणसाला सहाशे रुपयांत स्वाभिमान दिसू लागतो. मी म्हटलं, “मी स्वतः करीन.”

आता ह्या वाक्यातला ‘स्वतः’ जरा सोलून बघू. करवत शेजारच्यांची. गुण्या आणि पटाशी त्यांच्या मेव्हण्याची. रंधा कसा धरायचा ते शिकवलं त्याच सुतारानं, ज्याला मी नाही म्हटलं होतं. जिन्यातून जाता-येता माझे हाल त्याला बघवले नाहीत. लाकूड जुन्या लाकडाच्या वखारीतलं, देवदाराच्या खोक्यांचं. आणि लाकूड कापताना ते हलू नये म्हणून सुतार जे पकडसाधन वापरतात, ते आमच्याकडे नसल्यामुळे फळीवर ही बसायची. मांडीवर मुलगा, हातात निवडायची मेथी, आणि फळीच्या दुसऱ्या टोकाला मी करवत ओढतोय. दर दोन मिनिटांनी ही म्हणायची, “जरा थांबा, ह्याच्या डोळ्यात भुसा जातोय.” मी थांबायचो. कामाला सव्वादोन महिने लागले त्याचं कारण, मी पुढं सगळ्यांना सांगत आलो, हे असे अडथळे.

त्या दिवसांत मी थोरो वाचत होतो. थोरो हा अशा उद्योगी माणसांचा कुलगुरू. १८४५ साली अमेरिकेतल्या एका तळ्याकाठी त्यानं स्वतः झोपडी बांधली, दहा फूट बाय पंधरा फूट, आणि तीत दोन वर्षं राहून साधेपणावर एक थोर पुस्तक लिहिलं. दीडशे चौरस फूट! मुंबईतल्या बी. डी. डी. चाळींतली खोली एकशेसाठ चौरस फुटांची. तिच्यात आठ-आठ, दहा-दहा माणसांची कुटुंबं दोन-दोन पिढ्या राहिली, पण त्यातल्या कुणाला साधेपणावर पुस्तक लिहायचं सुचलं नाही. लिहायला बसणार कुठं, हा एक भाग असावा. ते असो. थोरोची कुऱ्हाडही उसनीच होती, आणि जमीन मित्राची. ती कुऱ्हाड परत करताना आपण तिला आधीपेक्षा जास्त धार लावून दिली, असं तो सांगतो. मी शेजाऱ्यांची करवत परत केली तेव्हा तिचे दोन दात आमच्याकडेच राहिले होते.

तर टेबल झालं. आणि हललं.

चार पायांची वस्तू हलते, ह्याला भूमिती जबाबदार आहे. तीन टोकं कुठंही ठेवा, ती टेकतातच. तिवई म्हणूनच कधी डगमगत नाही. चौथा पाय आला की वाद आला. गणितज्ञांनी असंही सिद्ध केलंय, की चारही पाय सारख्या लांबीचे असतील आणि जमीन नुसती थोडी उंचसखल असेल, तर चौकोनी टेबल जागच्या जागी फिरवत न्यावं; पाव फेरी पुरी व्हायच्या आत एक तरी जागा अशी सापडते, की जिथं चारही पाय टेकतात. सिद्धान्त सुंदर आहे. पण आमच्या खोलीत टेबल पाव काय, एक अष्टमांश फिरवलं की मशीनला लागायचं. शिवाय ‘पाय सारख्या लांबीचे’ ह्या शब्दांपाशीच माझा आणि गणिताचा संबंध संपत होता.

मग जे सगळे करतात ते मी केलं. लांब पाय थोडा कापला. मग तो आखूड झाला म्हणून दुसरा. दोन मांजरांना लोणी वाटून देणाऱ्या माकडासारखा मी टेबलाभोवती फिरत राहिलो. तीस इंचांचं टेबल साडेसत्तावीस इंचांवर आलं तेव्हा ही म्हणाली, “आता राहू द्या. अजून थोडं कापलंत तर पाट होईल.” मी करवत भिंतीला टेकवली आणि चिडून झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो. टेबलावर हात ठेवला. हललं नाही! दाबलं. नाही. कोपऱ्यावर कोपर टेकून अख्खं वजन टाकलं. ढिम्म.

मला तेव्हाच उमगलं, की लाकूड ‘बसलं’. लाकूड जिवंत असतं, ते हवा घेतं, सुकतं, घराची जमीन ओळखतं आणि आपोआप बसतं. त्याला वेळ द्यावा लागतो. हा विचार मला इतका आवडला, की मी तो पुढं सदतीस वर्षं वापरला. आल्यागेल्या प्रत्येकाला मी टेबल दाबून बघायला लावायचो. “दाबा! लाजू नका.” पाहुणे बिचारे चहाच्या आधी टेबल दाबत. ही आतून ट्रे घेऊन यायची आणि टेबलाच्या पायांकडे अशी काही बघायची, की मला वाटायचं, अभिमान म्हणतात तो हाच.

त्या टेबलावर मुलाचा अभ्यास झाला. इस्त्री झाली, पापड वाळले, विम्याचे कागद भरले गेले. दर वर्षी दीड दिवस त्यावर गणपती बसला, आणि त्या दीड दिवसात देवानं कधी डावीकडे-उजवीकडे पाहिलं नाही. मुलाला पहिल्या नोकरीत जमेना तेव्हा मी टेबलावर थाप मारून म्हटलं, “वेळ दे. आपोआप बसतं सगळं.” माझी भाची २०११ साली एक दिवस बॅग घेऊनच आमच्याकडे आली. लग्नाला वर्ष झालं होतं. तिचं सगळं ऐकून घेण्यापूर्वीच मी थाप मारली. “ह्या टेबलाकडं बघ,” म्हटलं. तिनं टेबलाकडं बघितलं, मग मामीकडं. नंतर दोघी आत गेल्या आणि तासभर बोलत होत्या. मी बाहेर बसून, आपला दाखला कसा लागू पडला, ह्याचा आनंद घेत होतो.

मध्यंतरी कुठंतरी वाचलं, की २०१२ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी ह्याच विषयावर एक शोधनिबंध लिहिला. जोडून घ्यायचं फर्निचर विकणाऱ्या आयकिया कंपनीवरून त्यांनी ह्या रोगाला नावही दिलं. त्यांनी लोकांना कागदाच्या घड्या घालून बेडूक आणि बगळे करायला लावले. इतरांच्या लेखी त्या नवशिक्या बेडकांची किंमत जवळजवळ शून्य. पण करणारे मात्र स्वतःच्या बेडकाला, कसबी माणसानं केलेल्या बेडकाच्या तोडीचे पैसे द्यायला तयार. मी तो मजकूर हिला वाचून दाखवला आणि म्हटलं, “बघ, माणसं कशी फसतात!” ही मेथी निवडत होती. म्हणाली, “हं.”

आणि मग २०२३ च्या दिवाळीआधी घराला रंग काढला. ह्यापूर्वीही दोन-तीनदा रंग दिला होता, पण तेव्हा मी ऑफिसात असे. ह्या वेळी निवृत्त माणूस म्हणून देखरेखीला हजर होतो. रंगाऱ्यांनी टेबल उचललं, आणि भिंतीकडच्या कोपऱ्यातला जो पाय मशीनच्या आड असतो, त्याच्याखाली लादीला चिकटलेली एक कागदाची घडी निघाली.

सुटी करून बघितली. कालनिर्णयचं पान. ऑगस्ट २०२३. चौकोनांत हिच्या अक्षरात दुधाचे हिशेब, आणि एका ठिकाणी ‘गॅस लावला’. त्या वर्षी अधिक श्रावण होता, तो ह्याच पानावर संपतो. (अधिक महिना तरी दुसरं काय? चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी तोकडं पडतं. तो पाय डगमगू नये म्हणून पंचांगकर्ते सुमारे तीन वर्षांनी एका महिन्याची घडी घालतात. हे मला त्या क्षणी सुचलं नाही. त्या क्षणी मला काहीच सुचलं नाही.)

“केव्हापासून?” मी विचारलं.

“काय केव्हापासून? दुसऱ्या दिवसापासून,” ही म्हणाली. “तुम्ही ऑफिसला गेलात, मी घडी घातली. पावसात लादी पुसून पुसून कागद भिजतो, मग बदलावा लागतो. आणि हरतालिकेला नवीन घालते. दुसऱ्या दिवशी देव बसायचा असतो ना त्यावर.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही त्या पायाकडं कधी बघितलंत का?”

ह्यावर उत्तर असं, की लादी मी कधी पुसली नव्हती.

रंगारी दोन दिवस काम करत होते. मी दोन दिवस स्वयंपाकघरात बसून विचार करत होतो. पहिल्या दिवशी मी फिर्यादी होतो. ही सदतीस वर्षं खोटं वागली! पण खोटं बोलली का? टेबल हलत नाही, असं ती कधीच म्हणाली नव्हती. ते मीच म्हणायचो. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, आणि अश्वत्थाम्याच्या बाबतीत तो अर्धं सत्य पुटपुटला तेव्हा खाली आला. हिनं अर्धं सत्यसुद्धा पुटपुटलं नव्हतं. जमिनीपासून वर होता तो माझा पाय, आणि तो खाली येऊ नये ह्याची व्यवस्था हिनं केली होती.

दुसऱ्या दिवशी प्रश्न जास्त अवघड झाला. टेबल कोणाचं? जॉन लॉक नावाचे सतराव्या शतकातले इंग्रज तत्त्वज्ञ म्हणतात, की माणूस ज्या वस्तूत आपले श्रम मिसळतो ती त्याची होते. मी सव्वादोन महिने श्रम मिसळले. हिनं सदतीस वर्षं, वर्षाला निदान एक घडी. (फळीवर बसली ते वेगळंच. तेव्हा तो अडथळा होता.) लॉकसाहेबांनी एक अटही घालून ठेवलीय: घेणाऱ्यानं इतरांना पुरेसं उरेल इतकंच घ्यावं. दहा बाय बाराच्या खोलीत माझं टेबल आल्यावर हिला काय उरलं? हिचं मशीन कोपऱ्यात गेलं, आणि ही पाय आखडून शिवत राहिली. त्या बेडूकवाल्या संशोधकांकडेही मी मनातल्या मनात जाऊन आलो. स्वतःच्या घडीची किंमत माणूस वाजवीपेक्षा जास्त लावतो, असं त्यांना आढळलं होतं. आमच्या घरात एक बाई सदतीस वर्षं कागदाच्या घड्या घालत होती आणि तिनं त्यांची किंमतच लावली नव्हती. हा नमुना त्यांच्या हाती लागला असता तर त्यांना अख्खा निबंध पुन्हा लिहावा लागला असता.

पण खरं सांगायचं तर मला टोचत होती ती भाची. मुलाचं काय, तो माझं ऐकायचाच नाही. ती पोरगी मात्र मान हलवून आत गेली होती. तासाभरानं डोळे पुसून बाहेर आली, आणि दोन दिवसांनी परत घरी गेली. तिचा संसार आता चांगला चाललाय. तो बसला त्याचं श्रेय मी टेबलाला, म्हणजे पर्यायानं मला, देत आलो होतो.

“त्या दिवशी तू तिला आत काय सांगितलंस गं?”

“कोणत्या दिवशी?”

मी दिवस सांगितला. हिला आठवला नसेल असं मला वाटत नाही.

“एवढं काय सांगणार? बायकांचं बोलणं,” ही म्हणाली, आणि कुकरची शिट्टी मोजायला लागली.

तिसऱ्या दिवशी रंगारी गेले. टेबल पुन्हा जागेवर आलं आणि सदतीस वर्षांनी पहिल्यांदा माझ्या हाताखाली हललं. तो आवाज मी विसरून गेलो होतो. खिळ्यावरच्या कालनिर्णयाकडं गेलो, सप्टेंबरचं पान काढलं आणि जमिनीवर बसलो. गुडघे आता बसताना बोलतात. दोन घड्या घातल्या, हललं. चार घातल्या, तर समोरचा पाय वर उठला. कागद उलगडला, पुन्हा दुमडला, अर्धा फाडला. ही दारात उभी राहून बघत होती. बऱ्याच वेळानं ती घडी एकदाची पायाखाली सरकली आणि मी मान वर केली.

“उघडी बाजू भिंतीकडं करा,” ही म्हणाली. “नाहीतर केरसुणीत येतं.”