उंच रोपाचा मोह

इटियाडोहच्या कालव्यावर ज्याची शेती आहे, त्याला रोपांबद्दल शिकवायला जाऊ नये. गाढवी नदीवरचं हे धरण १९७० साली पूर्ण झालं. तेव्हापासून गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांतल्या धानाला त्याचं पाणी मिळतं. मृगाचा पाऊस आला की पऱ्हे टाकायचे, तीन-साडेतीन आठवड्यांनी ते उपटायचे, चिखलणी केलेल्या बांधीत रोवणी करायची. म्हणजे इथलं मुख्य पीकच रोपवाटिकेतून जातं. पऱ्हे उपटणाऱ्या बाया पेंडी हातात घेतात तेव्हा पातीच्या टोकाकडे पाहत नाहीत, बुडाकडे पाहतात. बूड जाड आणि किंचित चपटं, मुळं पांढरी, उंची बेताची, तर पऱ्हे जमले. युरिया जास्त पडलेला वाफा धुऱ्यावरून फार देखणा दिसतो, गर्द हिरवा, लुसलुशीत. पण ती रोपं उपटताना तुटतात आणि रोवल्यावर चिखलात आडवी होतात.

बुडाकडे पाहणारी ही नजर घराच्या खिडकीत ठेवलेल्या वांगी-टमाटरच्या रोपांना मात्र सहसा मिळत नाही. पावसाळ्यात आणि पावसाळा सरता सरता ही रोपं खिडकीत येतात, कारण अंगणात कोंबड्या आहेत आणि सरीवर सर कोसळली की बी मातीसकट वाहून जातं. डब्यात बी टाकलं, कोंब आला, थोड्याच दिवसांत लांब झाला की घरात कौतुक होतं. खरं तर ती वाढ नसते, ती भूक असते. उजेड अपुरा पडला की रोप जवळची सगळी शिल्लक देठाच्या लांबीवर उधळतं. पानं लहान राहतात, मुळं दुबळी राहतात, रंग फिकट पडतो. जमिनीत दबलेल्या बीजाच्या दृष्टीने यात शहाणपण आहे, कारण तिथे चार बोटं वर गेलं की उजेड मिळतो. खिडकीत कितीही वर गेलं तरी उजेड तेवढाच, आणि तोही एकाच बाजूने.

रोप उजेडाकडे का वाकतं, याचा शोध चार्ल्स डार्विनने म्हातारपणी मुलाबरोबर घेतला. दोघांचं पुस्तक १८८० साली निघालं. गवताच्या कोवळ्या कोंबांची टोकं त्यांनी झाकली, तर कोंब वाकेनात. टोक उघडं ठेवून बूड झाकलं, तर वाकले. उजेड जाणवतो शेंड्याला आणि वाकतं त्याच्या खालचं अंग, म्हणजे वरून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे. तो निरोप म्हणजे ऑक्सिन हे संप्रेरक. १९२६मध्ये फ्रिट्स वेंट या तरुण डच संशोधकाने ते ओटच्या कोंबांच्या टोकांतून आगरच्या तुकड्यात उतरवून दाखवलं.

त्याच वर्षी तैवानमध्ये एइची कुरोसावा धानाचा एक रोग तपासत होते. त्या रोगात वाफ्यातली काही रोपं इतरांच्या डोक्यावरून निघून जातात, बारीक आणि पिवळट होतात, आणि बरीचशी लोंबी न धरताच मरतात. कुरोसावांनी रोगाची बुरशी द्रावणात वाढवली, गाळून काढून टाकली आणि नुसतं द्रावण निरोगी रोपांना दिलं. तीही तशीच लांबली. त्या द्रावणातला पदार्थ म्हणजे जिबरेलिन, आणि पुढे कळलं की वनस्पती तो स्वतःही थोडाथोडा बनवतात. मला ही गोष्ट डार्विनच्या गोष्टीपेक्षा मोलाची वाटते. १९६६ साली फिलिपिन्समधल्या संशोधन संस्थेतून आलेलं आयआर-८ हे बुटकं धान आशियाभर पसरलं, आणि त्याचा बुटकेपणा ज्या जनुकातून येतो, ते जनुक नेमकं जिबरेलिन बनवण्याच्या कामातच मोडता घालतं, हे २००२मध्ये उलगडलं. उंच धान खताने लोळायचं, बुटकं उभं राहिलं. वाफ्याच्या धुऱ्यावर बायांना जे ठाऊक होतं, तेच प्रयोगशाळेतून फिरून आलं, असं म्हणायचा मोह होतो. तो थोडा आवरावा. बायांना बूड ठाऊक होतं, रेणू नव्हता.

आता खिडकी कोणती, हा प्रश्न. बागकामाच्या विलायती पुस्तकांत दक्षिणेची खिडकी उत्तम असं ठामपणे लिहिलेलं असतं, आणि ते वाचून इथली माणसंही दक्षिणेला डबे मांडतात. इटियाडोह साधारण पावणेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. जून महिनाभर इथला दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत उन्हाची तिरीपही येत नाही, वरून वळचणीची सावली. पावसाळ्यात पूर्वेची खिडकी धरावी. तोच सूर्य डिसेंबरच्या अखेरीस दुपारी जेमतेम शेहेचाळीस अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून खोलीच्या आतपर्यंत पोचतो. रब्बीच्या भाजीची रोपं तिथे खुशाल ठेवावीत.

विलायती खिडकीला काच असते, कारण बाहेर बर्फ असतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत खिडकीला गज असतात आणि लाकडी झडपा, त्यामुळे वारा आत येतो. हा वारा फुकटची मशागत आहे. हलवलेलं, स्पर्श झालेलं रोप कमी उंच आणि जास्त जाड होतं. १९७३ साली मार्क जॅफी या अमेरिकन शास्त्रज्ञाने या प्रतिसादाला शास्त्रीय नाव दिलं. काचेआडच्या रोपांवरून दिवसातून दोन-तीनदा हलका तळवा फिरवावा, असं म्हणतात ते त्यामुळेच. वांग्याचं असं वाढलेलं रोप जवळून पाहावं. देठावर जांभळट झाक असते, बारीक लव असते, पहिली खरी पानं दाटीने बसलेली असतात, आणि बोटाने वाकवून सोडलं की ते झटक्यात सरळ होतं. लाडावलेलं रोप वाकतं ते तसंच राहतं.

पाण्याचा लाड सर्वांत वाईट. माती सतत ओली राहिली की मातीलगत देठाला पाणचट डाग पडतो, तिथे देठ दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रात्रीतून रोप कोलमडतं. वरची पानं तेव्हाही हिरवीगार असतात, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. बुरशीला तेच हवं असतं.

आणि लांबलेल्या रोपाचं काय करायचं? पाऊस लांबला, कालव्याला पाणी उशिरा सुटलं, तर पऱ्हे वाफ्यातच जून होतात. अशा पऱ्ह्यांना फुटवे कमी येतात. म्हणून एका चुडात दोन-तीनऐवजी चार-पाच रोपं लावायची, आणि शेंडे फार वाढले असतील तर ते खुडायचे. टमाटरची गोष्ट सोपी. त्याचा देठ मातीत गेला की त्यालाच मुळं फुटतात, त्यामुळे लांबलेलं रोप खालची पानं काढून गळ्यापर्यंत आडवं पुरावं, शेंडा आपोआप वर वळतो. वांगी-मिरचीला ही सोय फारशी नाही. त्यांची लांबलेली रोपं काड्यांना बांधून जगवण्यापेक्षा ती उकिरड्यावर टाकून नवं बी भिजत घातलेलं बरं. सप्टेंबर असेल तर वेळ आहे, ऑक्टोबर असेल तर घाई करावी.