आधी वही, मग चावी

काशीत पंचगंगा घाटाच्या उभ्या पायऱ्या चढून वर आलं, की बिंदुमाधवाच्या आसपासच्या गल्ल्यांत मंगळागौरीचं देऊळ लागतं. शेजारीच दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट. पेशवाईपासून मराठी घरं याच बाजूला नांदत आली. अशाच एका जुन्या मराठी वाड्याची ही गोष्ट.

वाड्यात पाच बिऱ्हाडं होती आणि तळमजल्यावर यात्रेकरूंसाठी चार खोल्या. श्रावणात आणि कार्तिकात तिथं साठ-सत्तर माणसं असत. गल्लीतल्या नळाचं पाणी अंगणातल्या हौदात पडे, तिथून मोटारीनं गच्चीवरच्या दोन हजार लिटरच्या टाकीत चढे आणि मग घरोघरच्या नळाला येई. हे सगळं सांभाळायचे तात्या. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या चुलत्यांनी मोटारीच्या खोलीची चावी त्यांच्या हातात ठेवली, तेव्हापासून ती त्यांच्या जानव्याला होती. पहाटे चारला उठावं, मोटार लावावी, टाकी भरली की पहिला तांब्या स्वतः प्यावा आणि मगच वाड्यासाठी व्हॉल्व्ह सोडावा, हा त्यांचा नेम. ते म्हणत, "आधी माझ्या पोटात, मग तुमच्या." लोक म्हणत, पाणी सोडावं तर तात्यांनी. आजारपणातसुद्धा त्यांचा नेम चुकला नव्हता.

मात्र दर श्रावणात वाड्यात पोटाची तक्रार सुरू होई. कधी एखादं मूल हगवणीनं मलूल होई, कधी दोन-चार यात्रेकरू अंथरूण धरत. मग कोणी म्हणे प्रवास बाधला, कोणी म्हणे कचोरी-जिलबी बाधली, तर कोणी हवापालटावर खापर फोडी. पाण्याचं नाव कोणी घेत नसे. तात्या ते स्वतः पीत होते ना!

त्या वाड्यात सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून सून आली. तिचे वडील, अण्णा, गावच्या ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक. गावाच्या टाकीत रोज टीसीएल टाकायचं, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आणि नळाच्या टोकाला क्लोरीन पोचतो का ते पाहायचं, हे त्यांचं काम. गावातल्या ज्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवलं होतं, त्यांत लग्नाआधी ही लेकही होती.

पहिली मंगळागौर माहेरी झाली. दुसरी सासरी, तीही खुद्द मंगळागौरीच्या शेजारी, म्हणून अण्णा काशीला आले. लेकीनं फोनवर सांगून ठेवलं होतं, "येताना पाणी तपासायच्या दोन बाटल्या आणा." अण्णांनी खण-नारळाच्या पिशवीतच त्या आणल्या.

सोमवारी संध्याकाळी सून तात्यांपुढे येऊन उभी राहिली. "तात्या, नळाचं पाणी या बाटलीत तुमच्याच हातानं भरून द्याल?"

तात्या हसले. "भरतो की. पण बाटलीला काय कळतं, सूनबाई? पाणी मी पितोय चाळीस वर्षं."

त्यांनी खुणेच्या रेघेपर्यंत पाणी भरलं, झाकण घट्ट लावलं आणि बाटली देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवली. मंगळवारी पूजा झाली. सोळा वातींची आरती झाली, सोळा परींची पत्री वाहिली, रात्रभर झिम्मा-फुगडीनं वाडा दणाणला. बुधवारी पहाटे जागरण संपलं तेव्हा सुनेनं कोनाड्यात पाहिलं. बाटलीतलं पाणी शाईसारखं काळं झालं होतं.

या बाटलीचं गणित सोपं आहे. आत एक औषध असतं. माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेबरोबर येणारे जंतू पाण्यात असले, तर ते ऊबेत वाढतात, त्यांच्यापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि औषध काळं पडतं. ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही पद्धत जगापुढे मांडली. प्रयोगशाळा नसलेल्या खेड्यातही पाण्यानं स्वतःची साक्ष स्वतः द्यावी, म्हणून.

सून काही बोलली नाही. तिनं बाटली तात्यांसमोर ठेवली आणि ती चहाच्या भांड्यांकडे वळली. तात्या बराच वेळ बाटलीकडे बघत राहिले. मग दुखावल्या आवाजात अण्णांना म्हणाले, "व्याही, हा गंगेचा काठ आहे. इथलं पाणी अशुद्ध?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "तात्या, पवित्र आणि शुद्ध हे दोन वेगळे शब्द आहेत. पाणी पवित्र होतं ते आपल्या श्रद्धेनं. शुद्ध आहे की नाही, ते मोजल्याशिवाय कळत नाही. तुमच्या काशीतच हे सांगणारा मोठा माणूस होऊन गेला."

तात्यांना ते आठवले. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र. सकाळी गंगेत बुडी घेणारे महंत आणि काशी हिंदू विद्यापीठात पाण्याचं अभियांत्रिकी शास्त्र शिकवणारे प्राध्यापक, दोन्ही एकच. १९८२ मध्ये त्यांनी संस्था काढली आणि पुढे तिच्या तुलसी घाटावरच्या प्रयोगशाळेत त्याच गंगेतले जंतू मोजले जाऊ लागले. ज्या हातांनी अर्घ्य दिलं, त्याच हातांनी त्यांनी आकडे जगापुढे ठेवले. गंगा त्यांना आई होती, आणि आईला ताप आला तर मुलगा तो मोजतो. मोजण्यानं भक्ती कमी होत नाही.

"पण मी रोज आधी पितो," तात्या हळूच म्हणाले. "मला कधी काही झालं नाही."

अण्णा त्यांच्या शेजारी ओसरीवर बसले. "आमच्या प्रशिक्षणात एक हकिगत सांगितली होती. कॅनडात वॉकर्टन नावाचं लहान गाव आहे. २००० सालच्या मे महिन्यात तिथं जोराचा पाऊस झाला आणि जवळच्या शेतातल्या शेणखताची घाण गावच्या विहिरीत उतरली. गावचं पाणी सांभाळणारी माणसं वर्षानुवर्षं तेच काम करत होती, पण ती रीतसर शिकलेली नव्हती. क्लोरीन न मोजताच ती वहीत आकडे भरत. वाईट हेतू नव्हता, तात्या. विहिरीचं पाणी ती स्वतःही पीत, त्यांना ते चांगलंच वाटे. त्या साथीत सात माणसं गेली आणि दोन हजार तीनशेच्या वर लोक आजारी पडले. पुढे तिथल्या सरकारनं त्याच गावात, लहान पाणीयोजना चालवणाऱ्यांना शिकवणारं केंद्र उभं केलं."

तात्या काही बोलले नाहीत. त्यांचा हात जानव्याच्या चावीकडे गेला.

"आणि दुसऱ्याचं कशाला," अण्णा पुढे म्हणाले, "माझंच सांगतो. मला पहिल्या वर्षी चावी मिळाली आणि टीसीएलचा डबा मिळाला. किती टाकायचं ते कोणी सांगितलं नाही. जास्त टाकलं म्हणजे जास्त शुद्ध, असं मला वाटे. पाण्याला असा उग्र वास सुटला, की बायका नळ सोडून ओढ्यावर पाणी भरायला जाऊ लागल्या. माझ्याच मेहनतीनं मी गावाला घाण पाण्याकडे ढकललं. पुढे तालुक्याला शिकायला गेलो तेव्हा कळलं, की हजार लिटरला पाच ग्रॅम पुरतं. त्या दिवशी मला रडू आलं. आधीच कोणी सांगितलं असतं तर!"

अण्णांचे डोळे भरून आले होते. ते पाहून तात्यांच्या मनातला पीळ सुटला. ते उठले आणि म्हणाले, "चला, वर चढू. काय बघायचं ते मला दाखवा."

गच्चीवर माकडं बसली होती. टाकीचं झाकण अर्धं सरकलेलं होतं. ते माकडंच उचलत आणि तात्या दर वेळी ते पुन्हा बसवत, पण कडी लावायचं कधी सुचलं नव्हतं. जादा पाणी वाहून जाणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी नव्हती, आत कबुतराचं पीस अडकलं होतं. जिन्याखाली ब्लीचिंग पावडरचा डबा उघडा. त्यातली मूठभर पावडर तात्या दर अमावास्येला टाकीत टाकत. अण्णांनी ती नाकाजवळ नेली. वास जवळजवळ नव्हता.

"ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो," ते म्हणाले. "हवा, ओल आणि उजेड लागला की तो उडून जातो. ही आता नुसती चुन्याची भुकटी."

खरा दोष गल्लीत सापडला. वाड्याच्या जोडनळीचा सांधा नालीच्या कडेला होता आणि तिथं चिरलेला होता. नळाला पाणी असे तेव्हा ते बाहेर झिरपे. पाणी गेलं की रिकामी नळी तिथूनच नालीतलं आत ओढून घेई. श्रावणात नाली भरून वाहे, म्हणूनच श्रावणात पोटं बिघडत. चाळीस वर्षांचं कोडं त्या एका सांध्यात होतं.

त्या दिवसापासून तात्या शिष्य झाले. अण्णा आठ दिवस राहिले. सत्तरीचे तात्या ओसरीवर मांडी घालून लिहून घेत. दोन हजार लिटरला दहा ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं. मग अर्धा तास थांबायचं. तोवर व्हॉल्व्ह सोडायचा नाही. त्यानंतर शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचला. रंगाच्या पट्टीशी ताडून लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅमची खात्री करायची. ते तपासलेलं पाणी प्यायचं नाही, फेकून द्यायचं. आणि जे दिसलं तेच लिहायचं.

"शेवटचाच नळ का?" तात्यांनी विचारलं.

"टाकीपाशी सगळंच बरं दिसतं," अण्णा म्हणाले. "सर्वांत लांबच्या घराला काय मिळतं, त्यावरून आपलं काम ठरतं. आमच्याकडे आरोग्य खातं वर्षातून दोनदा येऊन नळ, टाकी, गळती सगळं बघतं आणि गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतं. नुसत्या टाकीवर कोणाला हिरवं मिळत नाही."

सांधा बदलला, नळी नालीपासून दूर उंचावरून नेली. झाकणाला कडी आली, नळीला जाळी. हौद आणि टाकी घासून धुतली. मग दुसरी बाटली भरली. दोन दिवस झाले तरी तिचा रंग बदलला नाही. वाड्यातले लोक टाळ्या वाजवू लागले, तसे तात्याच म्हणाले, "थांबा. ही बाटली एका दिवसाची साक्ष देते, वर्षाची नाही. उद्या पुन्हा बघायचं."

निघताना अण्णांनी त्यांना वाकून नमस्कार केला. तात्या संकोचले. "गुरूनं शिष्याला करायचा नसतो, व्याही."

"तुमच्या चाळीस वर्षांच्या पहाटेला केला," अण्णा म्हणाले. "ती मी शिकवू शकलो नसतो. नाथमहाराजांनी काशीची कावड रामेश्वराला नेताना वाटेत तहानेल्या गाढवाच्या तोंडी लावली. तुमच्या हातचं पाणीही तहानेल्याच्याच तोंडी जातं. आता ते तिथवर निर्मळ जाईल."

मंगळागौरीचं व्रत पाच वर्षांचं. सून पाचव्या वर्षी उद्यापनाला बसली, तोवर तात्यांच्या वह्यांची चळत झाली होती. रोजची तारीख, पावडरीचं वजन, शेवटच्या नळाचा रंग. एका पानावर लिहिलं होतं, "आज विसरलो. टाकलं नाही. दुपारी लक्षात आलं." सुनेला ते पान सगळ्यांत मोलाचं वाटलं. चूक लिहिण्याचं धैर्य ज्याला आलं, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो.

श्रावणातली आजारपणं ओसरली होती. उद्यापनाच्या दिवशी वाड्यातला एक तरुण पुतण्या तात्यांना म्हणाला, "तात्या, आता चावी मला द्या. तुम्ही किती दिवस गच्ची चढणार?"

तात्यांनी जानव्याची चावी सोडली, पण हातातच ठेवली. पुतण्याला त्यांनी एक कोरी वही आणि वजनाचा छोटा काटा दिला. "वर्षभर माझ्याबरोबर ये. माप कर, लिही, चुकलास तर तेही लिही. माझ्या चुलत्यांनी मला नुसती चावी दिली. त्यांनाही कोणी शिकवलं नव्हतं, त्यांचा दोष नाही. पण शिक्षणाशिवाय दिलेली चावी हा मान नसतो रे, ते ओझं असतं. आणि ते ओझं दुसऱ्यांची लेकरं वाहतात."

पुढच्या मंगळागौरीला पुतण्याची वही भरली आणि चावी त्याच्या हाती आली. वाड्यात आता तोच रिवाज आहे: आधी वही, मग चावी.

आपल्या गावागावांत, वाड्यांत, वस्त्यांत असे हजारो तात्या आहेत. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झालं आणि ग्रामीण भागात घरोघरी, माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं द्यायचं ठरलं. नळ लोखंडाचे नाहीतर प्लॅस्टिकचे असतात. त्यांतून आरोग्य वाहील की आजार, हे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या हातावर ठरतं. त्या हाताला आपण चावी देतो, तुटपुंजा पगार देतो, पाणी आलं नाही की शिव्याही देतो. शिक्षण द्यायचं तेवढं राहून जातं.

तात्पर्य : सेवेला निष्ठा लागतेच, पण निष्ठेला ज्ञानाची जोड हवी. ज्याच्या हाती शंभर जणांचं पाणी सोपवायचं, त्याला आधी शिकवावं; आणि ज्यानं ते हाती घेतलं, त्यानं सत्तरीतही शिकायला लाजू नये.