गाडीची खोड

अण्णा जाऊन पाच वर्षं झाली होती आणि त्यांची पद्मिनी पाचही वर्षं गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी होती. एका अंगाला कडब्याच्या पेंढ्या, दुसऱ्या अंगाला हळद शिजवायची कढई. एक दिवस वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ती गाडी इकून टाका. पोरीची फी भरायची हाय."

बंद गाडीला किंमत कोण देणार? मिस्त्री आणला. टाकीतल्या जुन्या पेट्रोलला वार्निशासारखा वास मारत होता, ते काढून नवं टाकलं. कार्बोरेटरचे जेट डिंकासारख्या थरानं बुजले होते. एअर क्लीनरमध्ये उंदरानं संसार मांडला होता. बॅटरी नवी घेतली, प्लॅटिनम पॉलिश पेपरनं घासले. पाचव्या सेल्फला गाडी खोकली आणि चालू झाली. वहिनी ओसरीवरून बघत होत्या. आवाज आला तशा आत निघून गेल्या.

मी गाडी औंढ्याच्या रस्त्याला काढली. चार-पाच किलोमीटर मस्त पळाली, मग दम तोडायला लागली. पाय दाबावा तर वेग उलट कमी. दोन हिसके दिले आणि बंद पडली. पंधरा मिनिटं बसून राहिलो, तर पुन्हा चालू. थोडं अंतर गेलं की पुन्हा तेच. मिस्त्री म्हणाला, "बसून बसून इंजिन गळालं असंल. उतरवून बघावं लागंल." त्याचा खर्च ऐकून मी विषय सोडला.

पंधरा दिवसांनी वाशिमकडून गिऱ्हाईक आलं. गावाला एक चक्कर मारून दाखवली असती तर त्याला काहीच कळलं नसतं. खोड पाच किलोमीटरनंतरची. खोटं बोलायचं कामच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं.

पण मला बाप आठवला. माळेगावच्या यात्रेत बापानं एक बैल विकला होता, तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा असेन. दलालानं रुमालाखाली बोटं धरली होती, सौदा जुळत आला होता, आणि बाप मधेच बोलला, "सकाळी चालतो, दुपारून बसतो. का बसतो ते मला ठावं नाही." दलालानं कपाळाला हात लावला. सौदा झाला, पण उतरून झाला. घरी येईपर्यंत आई बापाशी बोलली नाही.

तर मीही सांगितलं. म्हणालो, "बघा, इंजिन गेलंय. मागून म्हणू नका सांगितलं नाही." सांगितल्यावर छाती जरा फुगली, हे कबूल केलं पाहिजे.

तो म्हणाला, चला बघू. गाडी बंद पडली तिथं उतरला. बोनेट उघडलंच नाही. मागं गेला आणि टाकीचं झाकण फिरवलं. सूं करून हवा आत ओढल्याचा आवाज झाला. तो जरा थांबला, झाकण परत लावलं आणि लांब रानाकडं बघत म्हणाला, "अठ्ठावीस हजार देतो." आम्ही पंचेचाळीस धरून बसलो होतो. गेलेल्या इंजिनाला अठ्ठावीस म्हणजे बरेच, म्हणून मी हो म्हणालो.

वर्षभरानं तोच माणूस बायकापोरं घालून त्याच गाडीतून औंढा नागनाथाच्या दर्शनाला आला. वाटेत मला बघून थांबला. मी विचारलं, इंजिन केलं का? तो हसला. "इंजिनाला काय झालतं? झाकणाचं भोक बुजलेलं होतं." अण्णांनी बाजारातून कुलपाचं झाकण बसवलं होतं, त्याच्या हवेच्या भोकात कुंभारीण माशीनं माती भरली होती. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं, दुसरं पाडलं की धार लागते. घरातल्या बायकांना हे माहीत असतं. टाकीतून पेट्रोल गेलं, त्या जागी हवा येईना, मग पंपानं ओढायचं तरी काय? थांबलं की कुठून तरी थोडी हवा शिरायची आणि गाडी पुन्हा चालायची. एक काडी घातली असती तर सतरा हजार वाचले असते.

मी म्हणालो, "तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं." तो म्हणाला, "इंजिन गेलंय असं तुम्हीच म्हणालात. मी म्हणालो का?"

यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. हिंगोलीच्या मोंढ्यात व्यापारी हळकुंड मोडून बघतो, आतला रंग बघतो. माल तुमच्या समजुतीपेक्षा भारी आहे, असं सांगणारा व्यापारी मला अजून भेटला नाही. विकणाऱ्यानं खोड सांगावी आणि घेणाऱ्यानं गुण सांगू नये, हा बाजार कुणी ठरवला कोण जाणे. पण त्या माणसावर मला धड रागावताही येईना, कारण त्याचं बोलणं खरं होतं.

बापानं जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगितलं होतं आणि पुढचं ठावं नाही म्हणाला होता. मी बघितलं ते असं की गाडी पाच किलोमीटरवर थांबते. सांगितलं ते असं की इंजिन गेलंय. ते मी बघितलेलं नव्हतं. मिस्त्रीचा अंदाज होता, तो मी माझं खरं म्हणून खपवला. हीच पद्मिनी मुंबईत २०२३ पर्यंत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावत होती. पाच वर्षं सावलीत उभं राहून तिचं इंजिन जाईल कसं, एवढं तरी मनात यायला पाहिजे होतं. आलं नाही, कारण खरं बोलायची घाई झाली होती. आणि बैल बापाचा स्वतःचा होता. गाडी माझी नव्हती.

वहिनींना सांगावं की नाही, यात आणखी दोन महिने गेले. शेवटी सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "खरं बोललाव ते बरं केलंव भाऊजी. पर बोलायच्या आधी मला इचारायचं व्हतं."

हळदीचे पैसे आले तेव्हा सतरा हजार मोजून त्यांच्यापुढं ठेवले. मला वाटलं होतं, नको म्हणतील. त्यांनी नोटा पुन्हा एकदा मोजल्या आणि फडताळात ठेवल्या.